औषध देणाऱ्या हातांचं काय?

अम्मीच्या तिसऱ्या केमोच्या दिवशी आम्ही सकाळी साडेनऊलाच वॉर्डात पोहोचलो. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन अडीच महिने झाले होते. दर एकवीस दिवसांनी यायचं, रक्त तपासायचं, पलंग मिळेपर्यंत बाकावर बसायचं आणि मग दोन-तीन तास सलाइन. एव्हाना आम्हाला त्याची सवय झाली होती. सोबत धाकटा भाऊ होता. चाकणच्या कंपनीतली रात्रपाळी संपवून तो तसाच आला होता, डोळे लाल, अंगावर कंपनीचा शर्ट.

सलाइनची तयारी करणारी नर्स आमच्याजवळ आली, मास्क खाली केला आणि म्हणाली, "टीचर, पहचाने नहीं?"

मी ओळखलं. पिंपरीत उर्दू शाळेत मी वीसेक वर्षं मराठी आणि उर्दू शिकवते. ही मुलगी माझ्याकडे सातवीपर्यंत होती. तिला 'ळ' कधी जमला नाही. 'शाळा'ची 'शाला' आणि 'काळजी'ची 'कालजी' करायची. दहावीनंतर तिच्या अब्बूंना मीच समजावलं होतं, "नर्सिंगला टाका हिला. इज्जतीचं काम आहे, सवाबही आहे." आज ती पांढऱ्या कपड्यांत माझ्याच आईच्या उशाशी उभी होती. मला इतका आनंद झाला की अम्मीचं दुखणं घटकाभर विसरले. अम्मीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि भरभरून दुआ दिल्या.

मग ती वॉर्डाच्या कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेली आणि औषध तयार करू लागली.

टेबल साधंच होतं. वर पंखा गरगर फिरत होता. एका बाजूला पेशंटच्या फायली आणि कुणाचा तरी अर्धा प्यालेला चहा. तिने एका हातात पातळ मोजा घातला होता, दुसरा हात उघडा. एका बाटलीत पांढरी भुकटी होती. तिने सिरिंजने आत पाणी सोडलं, बाटली हलवली आणि सुई बाहेर काढली, तसा बारीक 'फुस्स' आवाज झाला. दुसऱ्या औषधाचा लाल थेंब तिच्या मनगटावर उडाला. तिने तो कापसाने पुसला आणि कापूस टेबलाखालच्या बादलीत टाकला. थोड्या वेळाने सफाईवाल्या मावशी आल्या आणि ती बादली उघड्या हातांनी उचलून घेऊन गेल्या.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. औषधच तर होतं. भाऊ मात्र खुर्चीत सरळ होऊन बसला. मला हळूच म्हणाला, "आपा, ये हमारे यहाँ चलताच नहीं."

तो पेंट शॉपमध्ये आहे. रंग आणि थिनर मिसळायला त्यांच्याकडे वेगळी खोली आहे. तिथली हवा पंख्याने बाहेर ओढली जाते. आत जाताना हातमोजे, चष्मा आणि गाळणी लावलेला मास्क घालावा लागतो. प्रत्येक डब्यात काय आहे, अंगावर सांडलं तर काय करायचं, डोळ्यात गेलं तर काय करायचं, हे भिंतीवर मराठीत आणि हिंदीत लावलेलं आहे. खायचं-प्यायचं काही आत नेता येत नाही. हे आधीपासून असं नव्हतं, हेही त्यानेच सांगितलं. एक पोरगा चक्कर येऊन पडला, कामगारांनी आवाज उठवला, तेव्हा कुठे खोली झाली.

"हम गाडी रंगाते आपा," तो म्हणाला, "और ये बच्ची कॅन्सर की दवा उघड्यावर मिलाती."

घरी आल्यावर हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. त्या रात्री आणि पुढचे बरेच दिवस मी वाचत बसले. शिक्षकाची खोड, कळलं नाही की शोधायचं. जे कळलं ते इथे लिहिते आहे, कारण आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या घरात कुणीतरी नर्स, वॉर्डबॉय, आया किंवा फार्मसिस्ट आहे, नाहीतर कुणीतरी कॅन्सरचा पेशंट आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. हे वाचून कुणीही केमो थांबवू नका. ज्याला कॅन्सर आहे त्याच्यासाठी हे औषध शिफा आहे. ते झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना मारतं. पण चांगली पेशी कोणती आणि वाईट कोणती, हे त्याला धड ओळखता येत नाही. म्हणून पेशंटचे केस जातात, तोंड येतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. पेशंट हे सोसतो, कारण बदल्यात त्याला आयुष्य मिळतं. नर्सला बदल्यात काहीच मिळत नाही. तिच्या अंगात गेलेल्या थेंबाला मारायला कॅन्सर नसतो.

अम्मीला दिली जाणारी ती पांढरी भुकटी म्हणजे सायक्लोफॉस्फामाइड. त्याचं कूळ पाहिलं तर अंगावर काटा येतो. पहिल्या महायुद्धात मस्टर्ड वायू सैनिकांवर सोडला गेला. त्याच रसायनाचा भाऊबंद, नायट्रोजन मस्टर्ड, १९४२ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात लसिका ग्रंथींचा कॅन्सर झालेल्या रुग्णाला गुपचूप देऊन पाहण्यात आला. सायक्लोफॉस्फामाइड हे त्याच घराण्यातलं पुढचं औषध.

त्यानंतरच्याच वर्षी, २ डिसेंबर १९४३ च्या संध्याकाळी, इटलीतल्या बारी बंदरावर जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले. तिथे उभ्या असलेल्या 'जॉन हार्वे' या अमेरिकन जहाजात मस्टर्डचे बॉम्ब भरलेले होते. ही गोष्ट लष्करी गुपित होती. समुद्राच्या तेलकट पाण्यातून बाहेर काढलेले खलाशी इस्पितळात आले, तेव्हा डॉक्टर-नर्सना माहीतच नव्हतं की त्यांच्या कपड्यांत काय भिनलं आहे. भिजल्या कपड्यांवरच त्यांना ब्लँकेटं गुंडाळली गेली. नोंदीप्रमाणे ६२८ जणांना मस्टर्डची बाधा झाली आणि त्यातले ८३ दगावले. पुढे तपासात त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी नाहीशा झालेल्या दिसल्या आणि कॅन्सरच्या औषधांच्या संशोधनाला त्यातून जोर मिळाला. आपण या गोष्टीतला शोध तेवढा लक्षात ठेवतो. मला मात्र त्या ब्लँकेट गुंडाळणाऱ्या नर्स आठवत राहिल्या. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढे ही औषधं जगभर वापरात आली, पण ती हाताळणाऱ्यांचा विचार व्हायला १९७९ साल उजाडलं. त्या वर्षी फिनलंडच्या संशोधकांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलं की, केमोची औषधं हाताळणाऱ्या नर्सच्या लघवीत जनुकांमध्ये बिघाड घडवणाऱ्या द्रव्यांचा अंश दिसतो. या नर्सना कुणी केमो दिलेलं नव्हतं. त्या फक्त ती औषधं तयार करत होत्या आणि देत होत्या. १९८५ मध्ये फिनलंडमधलाच आणखी एक अभ्यास आला. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ही औषधं हाताळणं आणि गर्भ पडणं, यांचा संबंध त्यात दिसला. २००४ मध्ये अमेरिकेच्या 'नायॉश' या कामगार-आरोग्य संस्थेने सगळ्या दवाखान्यांना जाहीर इशारा दिला की ही औषधं हाताळणाऱ्यांना त्वचेवर पुरळ, वंध्यत्व, गर्भपात, बाळात व्यंग आणि कदाचित कॅन्सरचाही धोका संभवतो.

औषध अंगात जातं तरी कसं? मला वाटायचं, सुई टोचली तरच. तसं नाही. कातडीतून जातं. श्वासातून जातं. हाताला लागलेलं डब्यातल्या पोळीबरोबर पोटात जातं. मी ऐकलेला तो 'फुस्स' आवाज म्हणजे बंद बाटलीत पाणी भरल्यामुळे वाढलेला दाब. सुई काढताना त्या दाबाने औषधाचा फवारा उडतो, डोळ्यांना न दिसणारा. कुकरची शिट्टी न काढता झाकण उघडण्यासारखाच प्रकार. आणि वरचा पंखा तो फवारा खोलीभर पसरवतो. कारखान्यातून आलेल्या न उघडलेल्या बाटलीच्या बाहेरच्या अंगालाही औषधाचा अंश लागलेला असू शकतो, हे वाचून मी थक्क झाले. म्हणजे बाटली हातात घेण्यापासूनच मोजे हवेत.

उपाय काही आकाशातून आणायचे नाहीत. औषध तयार करायला खास कॅबिनेट हवं. त्यात हवा वरून खाली वाहते आणि गाळून बाहेर जाते, काम करणाऱ्याच्या तोंडावर येत नाही. केमोसाठी तपासलेल्या मोज्यांच्या दोन जोड्या, वरची जोडी गाऊनच्या बाहीवर चढवलेली. गाऊन पूर्ण बाह्यांचा, मागून बंद होणारा. सलाइनच्या नळीत आधी साधं सलाइन भरायचं आणि मग औषध जोडायचं, म्हणजे टोकातून औषध गळत नाही. सांडलं तर आवरायची पेटी जवळ. सॅनिटायझरने हे औषध मरत नाही, हात साबण-पाण्यानेच धुवायचे. साधा सर्जिकल मास्क या फवाऱ्याला पुरत नाही. आणि कचरा पिवळ्या पिशवीत किंवा डब्यात, वर वेगळी खूण करून. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे हा कचरा १२०० अंशांहून जास्त तापमानात जाळायचा असतो. साध्या बादलीत टाकायचा नसतो.

पिंपरीत वाढलेल्या माणसाला औषधाचं कौतुक असतंच. १९५४ मध्ये इथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, स्वतंत्र भारताचं पेनिसिलिन आपल्या गावात तयार झालं. आमच्या गल्लीतले एक चाचा तिथे होते. ते सांगायचे, औषधाला माणसाचा हात लागता कामा नये, सगळा खेळ स्वच्छतेचा. लहानपणी मला ते पाठ झालं होतं. माणसालाही औषध लागता कामा नये, ही दुसरी बाजू मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळली.

हे सगळं कळूनही मी त्या मुलीला फोन केला नाही. खरं सांगते, घाबरले. अम्मीचे पाच डोस बाकी होते. आपण बोललो आणि दवाखान्याचं तोंड वाकडं झालं तर? तिची नोकरी गेली तर? आपल्या आईला सुई लावणारीशी कशाला वाकडं घ्या? गरजू माणूस असाच गप्प बसतो.

आठवड्याने तिचाच फोन आला. अम्मीची विचारपूस झाली. मग जरा थांबून म्हणाली, "टीचर, दुआ करो. दूसरा महीना चल रहा है." लग्नाला चार वर्षं झाली होती. मी मुबारकबाद दिली आणि मग मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. तिला अजिबातच माहीत नव्हतं असं नाही. पुस्तकात एक परिच्छेद होता म्हणाली, इंग्रजीत, परीक्षेपुरता. कामावर आल्यावर सीनियरने जसं दाखवलं तसं करत गेली. गरोदर असल्याचं तिने इन्चार्ज सिस्टरला सांगितलंच नव्हतं. नोकरी ठेक्याची, दर अकरा महिन्यांनी करार. "बताया तो अगला करार नहीं होता, टीचर."

फोन ठेवल्यावर मला माझंच वाक्य आठवलं. इज्जतीचं काम आहे, सवाबही आहे. आपण नर्सच्या कामाला सेवा म्हणतो, त्याग म्हणतो. हजरत रुफैदांचं नाव घेतो, ज्यांनी मशिदीच्या आवारात तंबू ठोकून जखमींची शुश्रूषा केली. सावित्रीबाईंचं नाव घेतो, ज्या १८९७ च्या प्लेगमध्ये आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतच्या दवाखान्यात आल्या आणि त्याच प्लेगने १० मार्चला गेल्या. त्यांच्यापुढे माझी मान झुकते. पण सावित्रीबाईंच्या काळात प्लेगवर इलाज नव्हता. इथे इलाज आहे. हातमोज्यांची दुसरी जोडी आहे, कॅबिनेट आहे, माहितीचा एक कागद आहे. ते न देता 'सेवा' म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर आपण सवाब कमावणं. २०२० मध्ये आपण गॅलरीत उभं राहून थाळ्या वाजवल्या. त्या वेळी पीपीई किट हा शब्द पोराटोरांना पाठ झाला, कारण कोरोना आपल्यालाही होऊ शकत होता. केमोचा थेंब फक्त त्यांच्या मनगटावर उडतो, म्हणून आपल्याला दिसत नाही.

मग मी मला येतं ते केलं. नववीच्या मुलांना मी अर्जलेखन शिकवते. तिला घरी बोलावलं आणि आम्ही दोघींनी मिळून अर्ज लिहिला. तिच्या एकटीच्या नावाने नाही, वॉर्डातल्या सगळ्या नर्स आणि सफाईच्या मावश्यांच्या नावाने. तक्रारीचा एक शब्द नाही. गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या बायकांना औषध तयार करण्याच्या कामातून वगळावं आणि त्यासाठी करार किंवा पगार कापू नये. योग्य मोजे आणि गाऊन मिळावेत. टेबल वॉर्डाबाहेर बंद खोलीत न्यावं, कॅबिनेटची मागणी करावी. कचऱ्याचा वेगळा डबा असावा. आणि सूचना मराठीत लावाव्यात.

भावाने कायद्याची बाजू सांगितली, युनियनमुळे त्याला ठाऊक होती. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला वायू सुटला, तेव्हाही डॉक्टरांना आपण कशावर उपचार करतोय हे नीट कळत नव्हतं. त्यानंतर १९८७ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोकादायक पदार्थाची माहिती कामगाराला देणं मालकावर बंधनकारक झालं. म्हणून चाकणच्या भिंतीवर तो कागद आहे. पण तो कायदा कारखान्यांचा होता, वॉर्ड म्हणजे कारखाना नव्हे. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली व्यावसायिक सुरक्षा संहिता दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे, आणि आपल्या आरोग्य-सुरक्षेची माहिती मालकाकडे मागण्याचा हक्क तिने कर्मचाऱ्याला दिला आहे. अर्जात आम्ही त्याचाही उल्लेख केला. मुलीने तो स्वच्छ अक्षरात उतरवून काढला. 'काळजी घ्यावी' या शब्दांत 'ळ' अगदी बरोबर होता. मी काही बोलले नाही, तीच हसली.

त्याच दिवशी आमच्या घरातलंही उजेडात आलं. केमो झाल्यावर साधारण दोन दिवस पेशंटच्या लघवीतून, उलटीतून, घामातून औषधाचा अंश बाहेर पडत असतो. अम्मीच्या उलटीची भांडी, चादरी कोण धूत होतं? भाभी. उघड्या हातांनी, आणि कडेवर आठ महिन्यांचं बाळ. आम्ही कारखान्यावर बोलत होतो, दवाखान्यावर बोलत होतो आणि आमच्याच मोरीत तेच चाललं होतं. त्या दिवसापासून पहिले दोन दिवस ते काम मी किंवा भाऊ करतो. हातात मोजे, कपडे वेगळे आणि दोनदा धुतलेले, संडासचं झाकण लावून दोनदा फ्लश, मग साबणाने हात. बस, एवढंच. अम्मीला मिठी मारायला, तिच्या ताटाशेजारी बसून जेवायला कशाचीच भीती नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण एका नातेवाइकाने तिचा पेला वेगळा ठेवायला सांगितला होता. काळजी घेणं वेगळं आणि विटाळ पाळणं वेगळं.

पाचव्या केमोला गेलो तेव्हा कोपऱ्यातलं टेबल हललेलं होतं. बाजूच्या खोलीत, दार लावून काम चालू होतं. मोज्यांचे खोके आले होते. कॅबिनेट आलेलं नव्हतं, फाइल वर गेली आहे म्हणाले. ते येईपर्यंत त्या खोलीत दुसरी कुणीतरी मुलगी श्वास घेणारच आहे, म्हणून काम झालं असं मी म्हणत नाही. माझ्या विद्यार्थिनीला बाळंतपणापर्यंत दुसऱ्या विभागात टाकलं आहे. कराराचं काय होतं ते पुढे कळेल. तिचं आणि दवाखान्याचं नाव म्हणूनच इथे लिहिलेलं नाही.

भिंतीवर मात्र एक कागद होता. मी मोठ्या अक्षरात लिहून दिलेल्या मराठी सूचना, दहा ओळींच्या. सफाईच्या मावशी त्याच्यासमोर उभ्या होत्या. चौथी शिकलेल्या. ओठ हलवत, बोट फिरवत एकेक शब्द लावत होत्या. शेवटच्या ओळीपर्यंत आल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, मोजे सगळ्यांनी घालायचे लिवलंय. सगळ्यांनी म्हंजी मी बी?"

"तुम्ही बी," मी म्हणाले.

तुम्ही कधी अशा वॉर्डात बसलात, तर एवढंच विचारा: हे औषध बनवताना तुम्हाला मोजे मिळतात का? भांडू नका, व्हिडिओ काढू नका. फक्त विचारा. पेशंटच्या नातेवाइकाने आपल्या हाताबद्दल काही विचारलं, असं त्यांच्यासोबत फार कमी वेळा होतं.